किशोरी वर्ग, आयांसकट: पाचपैकी साडेतीन

फुकट आहे म्हणून चांगलं म्हणायचं, हा माझा स्वभाव नाही. फुकट शिबिरांची आमच्या गावाला सवय झालीय. डोळे तपासणी, शुगर तपासणी, विम्याचे फॉर्म, आणि दरवेळी शेवटी बॅनर धरून फोटो. त्यामुळं अंगणवाडीच्या टीचर दारात येऊन "रविवारी पोरींचा वर्ग हाय, आयांनीबी यायचं हं" म्हणाल्या तेव्हा मी शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. मग त्यांनी विषय सांगितला. कमी वयातलं लग्न, कमी वयातलं बाळंतपण, आणि ते टाळायचं कसं. म्हटलं, हे असलं आमच्या विठ्ठल मंदिराच्या हॉलात? माझी थोरली नववीत आहे. गेले.

गाव कर्नाटकात, बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला टेकलेलं. गावाचं नाव देत नाही, कारण पुढं ज्या पोरींचा विषय येणार आहे त्या लगेच ओळखू येतील. संस्थेचंही देत नाही. त्यांना अजून ह्याच पट्ट्यात फिरायचंय आणि मी थोडं टोचून बोलणार आहे. सरकारी आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि बाहेरची एक संस्था असं तिघांनी मिळून हे चालवलंय. पैसे लागत नाहीत, नाव घालायला आधार कार्ड मागत नाहीत (हे मला फार आवडलं), आणि चहा-बिस्किट मिळतं.

वर्ग टप्प्याटप्प्यानं होतो. आधी नुसत्या पोरी, मग नुसत्या आया, पोरग्यांचा वेगळा, आणि शेवटी पोरी-आया एकत्र. हॉलची किल्ली माझ्याकडं असते, त्यामुळं पोरींच्या वर्गालाही मी मागच्या भिंतीला टेकून काज-बटणं करत बसले. कुणी उठवलं नाही.

शिकवायला दोघी. एक बेळगावातली तरुण मॅडम, पीपीटीवाली. दुसरी बैलहोंगलकडची वयस्कर सिस्टर, मराठी मोडकंतोडकं, खरं पोरी तिच्याच भोवती. मॅडमचा प्रोजेक्टर लाईट गेल्यावर बंद पडला आणि सिस्टरनं पिशवीतून कापडी एप्रन काढला. तो अंगावर बांधायचा, आणि त्यावर गर्भाशय, बीजनलिका, बीजकोश असे रंगीत कापडाचे तुकडे वेल्क्रोनं चिकटवत जायचं. कल्पना झकास. शिलाई मात्र भयंकर कच्ची. उजवीकडची बीजनलिका सारखी गळून पडत होती आणि सिस्टर खाली वाकून ती उचलून परत लावत होत्या. पोरी आधी तोंडावर ओढणी धरून हसल्या, मग मोकळ्या हसल्या, आणि मग एकीनं उठून स्वतःच ती जागच्या जागी लावली. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच धडा आहे की. तो शाळेत "घरी वाचून या" म्हणून सोडतात. इथं तोच धडा पोरींनी हातात धरून बघितला. (एप्रन मी घरी आणून डबल शिलाई मारून दिला. फुकट. तेवढा माझा वाटा.)

सिस्टरनी सांगितलेलं सगळं इथं लिहीत बसत नाही. खरं एक गोष्ट आम्हा आयांनासुद्धा नवीन होती. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषाचं बीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून "अमुक दिवस धोक्याचे, बाकीचे बिनधोक" हा बायकाबायकांतला हिशोब ह्या वयात चालतच नाही, कारण ह्या वयात पाळीच वेळेवर नसते. आणि बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळं पहिली पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात. हे ऐकल्यावर शेजारची वैनी माझ्याकडं बघायला लागली. आमच्या पिढीला "शहाणी झाली नाही तोवर काळजी नाही" असंच सांगितलेलं.

बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा फिरवला. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, काय विचारायचं ते विचारायचं. चिठ्ठ्या सिस्टरनी सगळ्यांसमोर उघडल्या, एकही बाजूला टाकली नाही. ह्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. "नुसतं शेजारी बसल्यावर दिवस जातात काय?" इथपासून "पाळीत देवळात आल्यावर पाप लागतं काय?" इथपर्यंत. "तो म्हणतोय फोटो पाठव, नाहीतर बोलणार नाही" अशीही एक चिठ्ठी निघाली. त्यावर हॉल एकदम गप्प. सिस्टर म्हणाल्या, पाठवायचा नाही. पाठवला असला तरी चूक मागणाऱ्याची, मेसेज पुसून टाकू नको, आईला नाहीतर टीचरना दाखव, आणि कुणालाच सांगवत नसेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाईन फिरव. पुढं एक वाक्यही उपदेश केला नाही. ती चिठ्ठी कुणाची ते शोधायला कुणी मान वळवली नाही, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

बोटाला टोचून रक्त तपासलं. बऱ्याच पोरींचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली, म्हणजे अंगात रक्त कमी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती बऱ्याच जणी खिडकीबाहेर टाकतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं हे गोळीचंच, घाबरायचं नाही. जेवून घ्यायची, वर लिंबू चाललं, चहा नाही. एवढं सांगायला शाळेत कुणाला वेळ मिळाला नव्हता. आणि इथूनच सिस्टरनी मुद्द्याला हात घातला. सोळा-सतरा वर्षाची पोरगी गरोदर राहिली की एकाच ताटात दोन वाढीची पोरं जेवायला बसवल्यासारखं होतं, भात मात्र एकीपुरताच. म्हणून त्या वयात बीपी वाढून झटके येणं, रक्त कमी पडणं, दिवस भरायच्या आधी बाळ होणं, बाळाचं वजन कमी भरणं, हे वीस-बावीसच्या बाईपेक्षा जास्त. त्यांनी भीती घातली नाही, आवाज चढवला नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ते जास्त लागलं.

हॉलबाहेर कट्ट्यावर बसलेले एक तात्या "असलं आमच्या वक्ताला नव्हतं" म्हणून पुटपुटत होते. आता त्यांना काय सांगायचं? र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, तात्यांचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. उलट मागं गेलो ते आपणच. २००७ साली शाळांतल्या ह्या किशोरवयीन शिक्षणाला कर्नाटकानं नको म्हटलं आणि महाराष्ट्रानंही नको म्हटलं. सीमाप्रश्नावर दोघांचं कधी जमलं नाही, ह्याच्यावर बरोबर जमलं.

आता आयांचा वर्ग. साडेतीनातले दोन तारे एवढ्यालाच आहेत.

कारण साधं आहे. पोरींना कितीही शहाणं करा, लग्नाची तारीख त्या काढत नाहीत. ती निघते सोप्यात, चहाच्या कपावर, मामा-काका बसलेले असताना, आणि पोरगी आत स्वयंपाकघरात असते. आणि आमच्याकडं ह्या वयातली बाळंतपणं बहुतेक लग्नातूनच येतात. "पोरींनो, स्वप्नं बघा" एवढं सांगून जी संस्था गाडीत बसते, तिचा वर्ग माझ्या लेखी अर्धाच झालेला असतो. ह्यांनी आयांना बसवलं, आणि दोघी-तिघी सासवांनाही.

सिस्टरनी भाषण केलं नाही. गोल बसवून प्रत्येकीला दोनच गोष्टी विचारल्या. लग्न कितव्या वर्षी, पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी. आधी कुणी बोलेना. मग एक म्हातारी म्हणाली, "मला म्हाईत न्हाई गे, खरं परकर-पोलक्यातच दिलं मला." मग एकेक सुटत गेली. कुणाचं पहिलं मूल गेलेलं, कुणाला तीन दिवस कळा. एकीनं सांगितलं, झटके आले म्हणून अंगारा लावत बसले आणि गाडी मिळेपर्यंत सकाळ झाली. हे एकमेकींचं वीस-वीस वर्षं शेजारी राहून आम्हाला ठाऊक नव्हतं.

खरं मग उलट बाजूही निघाली, आणि ती निघू दिली हे बरं केलं. "पोरगी पळून गेली तर तोंड कुठं दाखवू?" "जास्त शिकली की तेवढाच शिकलेला नवरा बघायचा, हुंडा कुठून आणू?" "थोरलीच्या मांडवातच धाकटीचं उरकलं तर एका खर्चात दोन होतात." सगळ्यात जास्त माना हलल्या त्या पळून जाण्यावर. खोटं कशाला बोलू, मलाही ती भीती आहे. तरुण मॅडम "मुलींवर विश्वास ठेवा" म्हणाल्या, ते हवेत गेलं. सिस्टर म्हणाल्या, "ज्या घरात पोरगी आईला सांगू शकते त्या घरातली पळत नाही असं मी म्हणणार नाही. पण पळायच्या आधी एकदा तरी सांगून बघते." ह्यावर बायका जरा विचारात पडल्या.

इथं मला माझ्या धंद्यातलं सांगायचंय. गावात कुणाचं लग्न ठरलंय हे आशाताईला कळायच्या आधी मला कळतं, कारण ब्लाऊजपीस माझ्याकडं येतात. एक आई आपल्या पोरीला घेऊन आली, दहावी नुकतीच झालेली. शालूवरचं ब्लाऊज, दोन साधी, एक काठाचं. माप घेताना आई म्हणाली, "आक्का, शिलाईत माया भरपूर सोड. वर्षात उसवून मोठं करायला आलं पाहिजे, अजून वाढाय लागलीय ती." पोरगी हात आडवे पसरून उभी होती, मी छाती मापत होते, टेपवरचा आकडा वहीत लिहिला आणि कापड घडी घालून ठेवलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया सोडायची लग्नाच्या ब्लाऊजला!

ती आई वर्गाला आली होती. मीच ओढून आणलं. साखरपुडा मोडला नाही, खरं लग्नाची तारीख पोरीची पीयूसी (अकरावी-बारावी) होईपर्यंत पुढं गेली. आता ती वर्गामुळं गेली म्हणून संस्थेनं आपल्या अहवालात लिहू नये. भाग्यलक्ष्मी ह्या सरकारी योजनेचा बाँड आहे त्या पोरीच्या नावावर. अठराच्या आत लग्न केलं तर ते पैसे मिळत नाहीत, हे वर्गात कळल्यावर बापानं घरी जाऊन ट्रंकेतला कागद काढून बघितला, असं ऐकलं. पैशामुळं असो, भीतीनं असो, पोरगी कॉलेजला जातेय. ब्लाऊजपीस अजून माझ्या कपाटात आहेत.

कायद्याचं सांगितलं ते चांगलं, आणि आमच्या सीमेवरच्यांना तर फारच गरजेचं. इकडं पीडीओला (पंचायतीचा अधिकारी) किंवा अंगणवाडीला कुणकुण लागली की वऱ्हाड टेम्पोत घालून महाराष्ट्रात शिनोळीला नाहीतर गडहिंग्लजला नेऊन अक्षता टाकायच्या, ही जुनी शक्कल. मॅडमनी सरळ सांगितलं की बालविवाहाचा २००६ चा कायदा दोन्हीकडं आहे. पोरीला अठरा, पोराला एकवीस. फरक एवढाच की कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं असं लग्न मुळातच रद्दबातल धरलंय, म्हणजे ते झालंच नाही. महाराष्ट्रात ते रद्द करून घ्यायला पोरीला वीस पूर्ण व्हायच्या आत कोर्टात अर्ज करावा लागतो. तिकडं ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यामुळं हद्द ओलांडली म्हणजे सुटलो असं होत नाही. आधारवरचं साल बदलून आणलं तरी वयाचा वाद निघाला की आधी शाळेचा दाखला बघतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड लाखापर्यंत, आणि ती नुसत्या आईबापाला नाही. लग्न लावणारा, जमवणारा, जाणूनबुजून जेवायला येणारासुद्धा त्यात येतो.

"आणि ब्लाऊज शिवणारी?" मी विचारलं. सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फोन करा की. १०९८. तुमचं नाव बाहेर येत नाही." हसण्यावारी गेलं, खरं नंबर मी मशीनच्या ड्रॉवरवर खडूनं लिहून ठेवलाय.

आता कापलेल्या मार्कांकडं येते.

पहिला राग हा. वर्गात एका बाईनं विचारलं, जिच्या पोटात आधीच आहे आणि वय सतराच आहे, तिनं काय करायचं? हा प्रश्न आमच्याकडं खरा प्रश्न आहे, बाकीचे त्याच्या मागनं. सरकारी दवाखान्यात नेलं की तायी कार्डासाठी (गरोदर बाईचं नोंदणी कार्ड) वय विचारणार. वय अठराच्या आत निघालं की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, २०१२ चा कायदा तसा आहे. नवरा असला म्हणूनही सूट नाही, २०१७ सालीच सुप्रीम कोर्टानं ती वाट बंद केली. म्हणून घरची माणसं काय करतात? दवाखान्यातच नेत नाहीत. आमच्या नात्यातल्या एका पोरीला कुठल्या तरी लांबच्या खासगी दवाखान्यात एकोणीस वर्षांची म्हणून दाखवली, तीही सातव्या महिन्यात. तोवर पायाला सूज आणि बीपी चढलेलं. वाचली, देवाची कृपा.

एवढ्या मोठ्या प्रश्नाला मॅडमनी पाच मिनिटं दिली. "कायदा आहे, कळवावं लागतं, म्हणून आधीच काळजी घ्या." अहो, आधीच्याचं झालं की सगळं बोलून! जी अडकलीय तिचं सांगा. शेवटी सिस्टरनीच बायकांना बाजूला घेऊन सांगितलं. केस होईल ह्या भीतीनं तपासणी चुकवू नका, पोरीचा जीव आधी. नाव लवकर घाला, रक्त आणि बीपी बघा, बाळंतपण दवाखान्यातच करा. आणि मूल नकोच असेल तर अठराच्या आतल्या पोरीला कायद्यानं चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो, पालकाची सही लागते. पोलिसांना कळवताना पोरीनं आणि पालकानं तशी मागणी केली तर डॉक्टरनं तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही, असं २०२२ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. हे माईकवर सांगायला पाहिजे होतं. कोपऱ्यात कुजबुजून सांगितलं तर माहितीलाच लाज चिकटते.

दुसरं, गर्भनिरोधनाचं. आयांना सगळं दाखवलं. निरोध, माला-एन, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याची छाया गोळी, तांबी. आमच्या बायकांना "ऑपरेशन" ह्या एका शब्दापलीकडं काही ठाऊक नसतं, त्यामुळं हे सोनंच. नव्या सुनेला दोन-तीन वर्षं उसंत द्यायची असेल तर ऑपरेशनची वाट बघायची गरज नाही, हे एका सासूनं मान डोलावून ऐकलं. पोरींना मात्र ह्यातलं अक्षर नाही. "ते लग्नानंतर." चिठ्ठीतून बहात्तर तासांच्या गोळीचा प्रश्न आला तेवढ्यापुरतं उत्तर. माझ्या पोरीला हे सगळं आजच वापरायला शिकवा असं मी म्हणत नाही. खरं तिला कळायचं ते मोबाईलवरून अर्धवट कळण्यापेक्षा सिस्टरकडून कळलेलं मला चालेल. ह्यावर काही आया माझ्याशी भांडतील. भांडू देत.

तिसरं म्हणजे पोरग्यांचा वर्ग. तो वर्ग नव्हताच, दमदाटी होती. एक तरुण सर आले, पोक्सोत किती वर्षं आत बसावं लागतं ते सांगितलं, पोरं मागं बसून खिदळली, संपलं. माझा पुतण्या गेला होता. काय शिकलास विचारलं तर म्हणतो, "पोरींशी बोलायचंच नाही." बघा आता! त्यांच्या आवाज फुटण्याबद्दल, मन मारण्याबद्दल, कुणी नाही म्हटलं की नाही म्हणजे नाहीच ह्याबद्दल, एकवीसच्या आत त्यांचंही लग्न बेकायदा आहे ह्याबद्दल काही नाही. एप्रन त्यांनाही दाखवायचा होता की.

पुस्तिका कन्नडमधली होती. आमच्या मराठी शाळेतल्या पोरी कन्नड शिकतात, त्यांनी वाचली. आयांना येत नाही, त्यांनी चुलीवरच्या फळीवर ठेवली. शेवटच्या एकत्र वर्गात मात्र एक गंमत झाली, पोरींनी आयांना वाचून अर्थ सांगितला, आणि जे तोंडानं बोलायची सोय नव्हती ते पुस्तिकेच्या आडून बोलून झालं. संस्थेनं हे ठरवून केलेलं नव्हतं. पुढच्या वेळी मराठी छापा, खरं वाचायला पोरींनाच लावा.

भिंतीवरचा तक्ता मला आवडला कारण त्यात बढाई नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात पंधरा ते एकोणीस वयातल्या आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुली २०१५-१६ मध्ये ७.८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५.४. महाराष्ट्रात ८.३ वरून ७.६. म्हणजे इकडं बरंच उतरलंय. पण त्याच तक्त्यात खाली, वीस ते चोवीस वयातल्या ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं त्या कर्नाटकात २१.४ टक्के, आणि पुढच्या पाहणीत २१.३. जागच्या जागी! बाळंतपण थोडं लांबलं, लग्न काही हटलं नाही. हा तक्ता आयांच्या वर्गात लावायला हवा होता, तो पोरींच्या वर्गात लावला.

धाकटी बहीण निपाणीकडं दिलीय. तिकडं हेच लोक विडी कामगार बायकांत जातात. हजार विड्यांमागं मजुरी, त्यामुळं तास-दीड तास हात थांबवून हॉलात जाऊन बसणं त्यांना परवडत नाही. म्हणून तिकडं सिस्टर त्यांच्या गल्लीत जाऊन बसतात. मांडीवर सूप, हात विड्या वळतायत, कान इकडं. बहीण म्हणते तिकडचा वर्ग इकडच्यापेक्षा रंगतो, कारण बायका कामात असल्या की खाली बघून बोलतात आणि खाली बघून बोललं की सगळं बोलता येतं. चिकोडीकडं ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्यांवर मात्र अजून कुणी पोचलेलं नाही असं ती सांगते. तिथं तर जोडप्याला मिळून एक कोयता धरतात, उचल (आगाऊ पैसे) तशीच मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं लावतात. वर्गाची खरी गरज तिथं. संस्थेला अवघड आहे हे मान्य, टोळी आज इथं, उद्या तिथं. तरी सांगितलं पाहिजे.

आणखी एक सुचवते. आपल्याच जिल्ह्यात घटप्रभेला "मास" ही संस्था आहे, १९९७ पासून, माजी देवदासींनी स्वतः उभी केलेली. त्यातल्या सीतव्वा जोडट्टींना २०१८ साली पद्मश्री मिळाली. पोरींना देवदासी म्हणून सोडण्याला कायद्यानं बंदी १९८२ सालीच आली होती, खरं कायदा गावोगाव नेला तो जिच्यावर बेतलं होतं तिनं. आमच्या वर्गातही झटके आल्याचं सांगणारी ती बाई मॅडमच्या साऱ्या स्लाईडींपेक्षा जड पडली. अशा एखाद्या बाईला, तिची तयारी असेल तर, मानधन देऊन पुढच्या गावाला न्या.

आणि एक माझं खासगी मत. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, तेव्हापासून आमच्या पोरी पीयूसीला बेळगावला जायला लागल्या. रोज तिकिटाला पैसे मागायचे नाहीत म्हटल्यावर बापाचं निम्मं कारण संपलं. (चंदगड डेपोच्या एसटीत ते चालत नाही, त्यामुळं कर्नाटकाच्या बसची वाट बघत पोरी स्टॉपवर ताटकळतात, ते वेगळं.) जी पोरगी रोज कॉलेजला जाते तिचं लग्न काढायला घरच्यांची जीभ अडखळते. वर्गात ह्या बसचा, हॉस्टेलचा, स्कॉलरशिपचा विषय निघालाच नाही. आयांना "लग्न नको" सांगितलं, लग्नाऐवजी काय, ते सांगायला पुरेसा वेळ ठेवला नाही.

तर पाचपैकी साडेतीन. एक तारा पोरग्यांच्या वर्गाचा कापला, अर्धा पोरींपासून लपवलेल्या माहितीचा. पोक्सोच्या पाच मिनिटांसाठी आणखी कापणार होते, सिस्टरमुळं सोडला.

तुमच्या गावात बोलवायचं असेल तर अंगणवाडीच्या टीचरना किंवा आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रातून तारीख मिळते. वर्गानंतर एखादीला एकटीनं बोलायचं असेल तर सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी वेगळी सोय असते. कर्नाटकात तिला स्नेह क्लिनिक म्हणतात, तिकडं चंदगडला दिलेल्या पोरींना मैत्री क्लिनिक विचारायला सांगा. जाण्याआधी वार विचारून घ्या. आमच्या बाजूच्या एका दवाखान्यात त्या खोलीला कुलूप होतं आणि आत खोकी रचलेली.

हॉलला संडास आहे का बघा, पोरी दोन तास बसणार आहेत. बाहेरच्या कट्ट्यावरच्या तात्या-अण्णांना त्या वेळेपुरतं दुसरीकडं बसवा. सुगीत ठेवू नका, रताळी काढायच्या दिवसांत तर अजिबात नको. सासूला न्या, ती नको म्हटली तरी न्या. आणि काहीही करून चारच्या आत उरका, चारला डेअरीत दूध घालायचं असतं, बायका उठून जातात आणि महत्त्वाचं सगळं नेमकं शेवटी सांगतात हे लोक.